चेकमामांची कणसं

चेकमामा ज्वारीच्या कणसाला कान लावायचे. डॉक्टरसारखे, डोळे मिटून. एखादा पाहुणा अधिकारी चक्रावून विचारायचा, "काय म्हणतंय?" मामा गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "म्हनतंय, ह्यांना सांगू नका."

नगर जिल्ह्यातल्या आमच्या संशोधन केंद्रावर मामा मुकादम होते. नव्या वाणाशी तुलना करायला शेजारी दरवर्षी तोच एक जुना वाण पेरतात, त्याला आम्ही चेक म्हणतो. सगळे फोटो काढायचे ते नव्या वाणाजवळ उभे राहून. चेककडे बघायचे ते फक्त मामा.

मी केंद्राचा आकडेवाला. नवा वाण चेकपेक्षा किती जास्त पिकला, ते माझं मॉडेल सांगायचं. फरकाची रेघ दरवर्षी वर! बैठकीत ती दाखवताना मी हात असा उंचावायचो, की तुतारी वाजायचीच काय ती बाकी.

मामा दाराशी उभे राहून ऐकायचे. एकदा म्हणाले, "साहेब, घोडेगावच्या बाजारात आमी बैलाचे दात बघतो. तुमी निसतं बघताय, शेजारच्या बैलापरीस उंच हाय का. शेजारचा गुडघ्यावर बसला आसंल तर?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

नवा वाण शेतकऱ्यांना द्यायचा अहवाल तयार झाला, त्या दुपारी मामांनी मला गोदामात नेलं. दर हंगामातलं एकेक मध्यम कणीस त्यांनी जपून ठेवलं होतं. चेकचं लाल दोऱ्यात, नव्याचं पांढऱ्या. जमिनीवर दोन रांगा मांडल्या. पांढरी सगळी वीतभर, सारखीच. लाल मात्र आखडत आखडत शेवटी मुठीत मावेल एवढं.

"नवा हाय तिथंच हाय. जुना खाली चाललाय. जमिनीतनं कायतरी जातंय, साहेब. आज ह्याचं, उद्या त्याचं."

"मामा, मॉडेल सगळं धरतं."

"मग ह्ये बी धरा की. तुमी सही केली की माझं गाव जुनं बियानं जात्यात घालंल. परत आनायचं कुठनं?"

मी सही केली. मॉडेल खोटं बोललंच नव्हतं. आम्ही फरक विचारला, त्याने फरक सांगितला.

त्याच वर्षी मामा निवृत्त होऊन पाथर्डीकडच्या आपल्या गावी गेले. गावाने जुनं बियाणं खरंच दळलं. मग दरवर्षी एसटीच्या कंडक्टरच्या हाती माझ्याकडे एक कणीस यायचं, पांढऱ्या दोऱ्यातलं. चिठ्ठी कधीच नाही. मीही कणीस कधी मोजलं नाही, नुसतं कपाटात टाकलं.

यंदा कणीस घेऊन त्यांची सून आली. "मामंजी गेले. म्हनले हुते, साहेबांच्या हातातच द्या." मी मूठ मिटली. कणीस आत मावलं.

जाताना तिने विचारलं, "आता काय पेरायचं, साहेब?"

तो पांढऱ्या दोऱ्याचा वाण आता आमचा चेक आहे. त्याच्या शेजारी त्याहून नवा उभा आहे, आणि फरकाची रेघ झकास वर चालली आहे. या खेपेला मी तिच्याखाली एकट्या चेकची रेघ काढली. ती खाली चालली होती.

अहवाल सहीसाठी टेबलावर आहे. वर कणीस ठेवलंय.