दुसऱ्यांच्या झोपेची राखण

झोपेची तपासणी करणाऱ्या दवाखान्यात तिला सगळे घुबडताई म्हणत. पेशंटच्या डोक्याला लेप लावून वायरी चिकटवायच्या आणि सकाळपर्यंत पडद्यावर त्याच्या मेंदूच्या लाटा बघत बसायचं, हे तिचं काम. लोक घोरत, त्याचा हिला पगार मिळे. डॉक्टर प्रत्येक पेशंटला तेच समजावत: मेंदूत खोलवर हिप्पोकॅम्पस म्हणून भाग आहे, दिवसभरातलं तो कच्चं टिपून ठेवतो, आणि गाढ झोपेत संथ लाटा उठल्या की त्यांच्या तालावर ते पुन्हा घोकून पक्कं करतो. झोप मोडली की घोकणं राहिलं. ती शेजारी उभी राहून मान डोलवायची.

लेक तान्ही असल्यापासून रात्रपाळी तिने मागून घेतली होती. दिवसा लेकीजवळ राहता यावं, पुढे शाळेतून आल्यावर तिला दाराला कुलूप दिसू नये, एवढ्यासाठी. दिवसा डोळ्यांवर पाणी मारमारून ती जागी राहिली. लेकीचे ताप, अभ्यास, रुसवेफुगवे सगळं तिनेच निस्तरलं. नवरा संध्याकाळी ऑफिसातून यायचा, घटकाभर लेकीशी खेळायचा आणि पाठ टेकली की कुंभकर्ण.

पुढे लेकीचं लग्न झालं आणि तिचे दिवस भरत आले तशी हिने नोकरी सोडली. नातवंडाचं सगळं आपणच करायचं म्हणून तिच्याकडे जायची बॅगसुद्धा भरून ठेवली.

एका दुपारी लेक आली. मी पहिल्यांदा चालले कशी, लहानपणी कशाला घाबरायचे, असं विचारू लागली. हिने तोंड उघडलं आणि आत काहीच सापडेना. पडद्यावरच्या लाटा तेवढ्या दिसल्या. नवरा मात्र खुर्चीतून सुरू झाला. भर दुपारी बादलीचा कान धरून टाकलेलं पहिलं पाऊल, मिक्सरच्या आवाजाने पलंगाखाली लपणं, सगळं रंगवून सांगितलं. लेक हसून हसून डोळे पुसत होती.

भर दुपारी हा ऑफिसात असायचा. म्हणजे हे सगळं कामावर निघताना, चपला घालता घालता, हिनेच त्याला सांगितलेलं. त्याने ते निवांत झोपून पक्कं केलं. आयत्या बिळावर नागोबा! तिचं काळीज जळलं, पण जे आठवतच नाही त्याच्यावर हक्क तरी कसा सांगायचा?

निघताना लेक चाचरत म्हणाली, "आई, रागावू नकोस. बाळाकडे आधी बाबांनाच पाठव. तू आता गॅससुद्धा चालू ठेवून विसरतेस. त्यांना सगळं आठवतं गं."

"बरं," ती म्हणाली.

तिने बॅगेतले आपले कपडे बाहेर काढले आणि त्याचे घडी घालून भरले. तोवर तो खुर्चीतच झोपला होता.