मे महिन्यातलं पांघरूण

ग्लोबल वॉर्मिंगवर डॉक्युमेंटरी करायची म्हणजे इंटरनेटवरून वितळणारे बर्फाचे कडे आणि बिचारी पांढरी अस्वलं उतरवून घ्यायची आणि वर आपला आवाज चिकटवायचा, असं चालणार नाही, हे आमच्या सरांनी वर्गात आधीच बजावलं होतं. "उज्जैनमध्ये जे दिसेल तेच दाखवायचं," ते म्हणाले. सर वर्गाबाहेर पडले आणि माझी मैत्रीण कपाळाला हात लावून म्हणाली, "यार, यहाँ क्या है दिखाने को? धूप?"

आमच्या गटात आम्ही दोघीच होतो. तिचा फोन माझ्या फोनपेक्षा चांगला होता, त्यामुळे दिग्दर्शन आणि कॅमेरा आपोआप तिच्याकडे गेले आणि उरलेली सगळी हमाली माझ्याकडे आली.

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ऊन कॅमेऱ्यात येतच नाही. एप्रिलच्या भर दुपारी टावर चौकात उभं राहून आम्ही रस्त्याचं शूटिंग केलं. घरी येऊन बघितलं तर लोक तोंडाला रुमाल बांधून उसाचा रस पीत होते, जसे दरवर्षी पितात. क्षिप्रेवर गेलो तर घाटावरच्या दोन कुटुंबांनी आम्हालाच फोटो काढायला लावले आणि एका काकांनी "कौन से चैनल से हो?" म्हणून अख्खी मुलाखत घेतली, आमची. पृथ्वी तापतेय याचा पुरावा म्हणून आमच्याकडे जमा काय, तर मैत्रिणीच्या नाकावरचं सोललेलं कातडं. मग मला घरातला विषय आठवला. घरातला म्हणजे बाबांचा.

माळव्यात दिवस कितीही तापला तरी रात्र थंड पडते, याचा इथल्या माणसाला फार अभिमान. बाबा तर असे बोलायचे की ती रात्र आमच्या घराण्याच्या नावावर लिहून दिलेली आहे. आमचे पूर्वज कधीकाळी दरबारात लिखापढीच्या कामाला इकडे आले, आणि बाबांच्या मते ते परत गेले नाहीत ते निव्वळ इथल्या रात्रींमुळे. आईचं माहेर वाईचं. दर मे महिन्यात तिथून मामाचा फोन यायचा, "काय दाजी, भाजून निघालात की नाही?" आणि दरवर्षी बाबा ऐटीत सांगायचे, "दिवसाचं सोडा हो. रात्री पांघरूण लागतं आमच्याकडे." मामा हसायचा, बाबा हसायचे, आई चहा गाळत असायची. वर्षानुवर्षं हाच संवाद. मला तो पाठ होता.

"हे घे," मी मैत्रिणीला म्हटलं, "माळव्याची रात्र. ती अजून थंड आहे का, ते जुन्या लोकांना विचारायचं." तिला ते एकदम पटलं, कारण त्यात उन्हात उभं राहायचं नव्हतं.

आता घरची परिस्थिती सांगायला हवी. माधव नगरच्या मागच्या गल्लीत आमचं बैठं घर, वर उघडी गच्ची. बाबा फ्रीगंजमधल्या बँकेत, दिवसभर एसीत. घरात एक कूलर होता, पण तो दिवसापुरता. रात्री जेवणं झाली की बाबा स्वतः उठून तो बंद करायचे आणि खिडक्या उघडायचे. "रात्री कूलर? माळव्यात? लोक हसतील आपल्याला." मग आडवे व्हायचे आणि लगेच घोरायला लागायचे. बाबांची झोप म्हणजे देवाची देणगी आहे, त्यांना तव्यावर झोपवलं तरी लागेल.

आई एका शाळेत पहिलीला शिकवायची, सकाळच्या शिफ्टला. पहिलीची पोरं हा तिचा जीव की प्राण. त्यांच्या पडलेल्या दातांच्या गोष्टी आम्हाला रोज ऐकाव्या लागायच्या. पण त्या वर्षी ती म्हणायला लागली होती की या सत्रानंतर नोकरी सोडते. "आता झेपत नाही गं. वय झालं." पन्नाशीसुद्धा आली नव्हती तिची. मला तिचं हे बोलणं ऐकून रागच यायचा. डोळ्यांखाली काळं, डोकं सतत दुखलेलं, आणि विचारलं की वय. बाबा मात्र उदार मनाने म्हणायचे, "सोड ना मग. कोणी जबरदस्ती केली आहे काय तुझ्यावर?" आपण केवढं मोठं मन दाखवतोय असं त्यांना वाटत असावं. आई पोरांच्या वह्या पुढ्यात ओढायची.

तर पहिली मुलाखत बाबांची. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, मागे मुद्दाम उघडी ठेवलेली खिडकी. फिल्म हिंदीत होती, पण बाबांना सांगून उपयोग नव्हता, ते दोन्ही भाषा एकाच वाक्यात बोलतात. आणि त्यांनी सांगितला तो त्यांचा सगळ्यात आवडता किस्सा, आईला बघायला वाईला गेले होते तेव्हाचा. आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, सगळं ऐकून घेतलं आणि एकच शंका काढली. उज्जैनचा उन्हाळा फार वाईट असतो म्हणतात, मुलीला सवय नाही.

"तो मैंने कहा," बाबा कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "दिन का तो मेरे हाथ में नहीं है, पण रात ठंडी मिलेगी. शब्द देतो तुम्हाला." मग खुर्चीत मागे टेकले. "बस. शादी पक्की."

मैत्रीण इतकी हसली की फोन हलला.

पुढच्या रविवारी आईची पाळी. खोलीत उजेड कमी पडत होता, म्हणून मैत्रिणीने थर्माकोलच्या तुकड्यावर पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद चिकटवला आणि बाबांना खिडकीपाशी उभं केलं. "अंकल, रोशनी आंटी के चेहरे पे रहनी चाहिए. हिलना नहीं." बँकेत ज्यांच्या सहीशिवाय पान हलत नाही ते आमचे बाबा निमूटपणे थर्माकोल धरून उभे राहिले. त्यांना मजा वाटत होती. आईने लाजत लाजत पदर सारखा केला.

मैत्रिणीने गमतीने सुरुवात केली. "आंटी, अंकल ने जो वादा किया था, निभाया?"

आई हसली. "हाँ, निभाया ना. पहले तो पूरा निभाया. हम छत पे सोते थे. आधी रात के बाद सचमुच चादर लगती थी. मेरे पिताजी एक बार आए थे गर्मी में, वो भी मान गए थे."

"और अब?"

इथे आई थांबली. मला वाटलं, ती बाबांकडे बघेल आणि काहीतरी गोड बोलून उठेल. पण ती कॅमेऱ्याकडेच बघत राहिली. हिंदी तिची शाळेतली भाषा, बाहेरची भाषा. घरात मराठीत जे कधी तोंडून निघालं नव्हतं ते तिला परक्या मुलीशी हिंदीत बोलणं सोपं गेलं असणार, असं मला आज वाटतं.

"अब नहीं बेटा. अब गर्मी में मैं सोती ही नहीं. पड़ी रहती हूँ. दीवार को हाथ लगाओ तो गरम. सवेरे स्कूल जाती हूँ तो बच्चों के सामने झपकी आ जाती है. वो हँसते हैं. छोटे हैं, उनकी कोई गलती नहीं. पर मुझे बहुत बुरा लगता है. इसलिए सोचा, नौकरी ही छोड़ दूँ."

मी तिथे हातात वही घेऊन पुढचा प्रश्न शोधत बसले होते. वय झालं म्हणे!

"आपने अंकल को बताया नहीं?" मैत्रिणीने विचारलं. तिचा आवाज उतरला होता.

"कैसे बताती? इनको लगता कि इनका शब्द झूठा पड़ गया. अब आसमान इनके हाथ में थोड़े ही है."

आणि तिच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. बाबांचे हात खाली आले होते. ते चित्रात कुठेच दिसत नाहीत, फक्त आईचा चेहरा हळूहळू अंधारत जातो आणि ती मान वळवून खिडकीकडे बघते. मैत्रीण दिग्दर्शक असली तरी "रीटेक" म्हणायची तिची छाती झाली नाही.

त्या दिवशी जेवताना बाबा पोळीचे नुसते तुकडे करत बसले. आई दोनदा म्हणाली, "अहो, भात घ्या ना," त्यांनी घेतला. दिवेलागणीला ते गच्चीवर गेले. ते वर गेलेले मी कित्येक उन्हाळ्यांत पाहिलं नव्हतं. आम्ही वर झोपणं सोडलं होतं ते डासांमुळे, अशी घरातली समजूत. मी मागोमाग गेले. आजूबाजूची घरं केव्हाच उंच झाली होती आणि प्रत्येक घराच्या एसीचा बाहेरचा डबा नेमका आमच्या गच्चीकडे तोंड करून गरम हवा फेकत होता. बाबा चपला काढून उभे होते. सूर्य मावळला होता तरी फरशीवर पाय ठरत नव्हता.

"भट्टी आहे ही तर," ते म्हणाले. एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत म्हणाले, "मला घामाने जाग यायची गं. मी कूस बदलून झोपून जात होतो. मला वाटलं, एखाद्या वर्षी होतं असं." आणि मग एकदम, लहान मुलासारखं तोंड करून, "तुझ्या आजोबांना शब्द दिला होता मी. ते असते तर जाऊन सांगितलं असतं त्यांना."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. आमच्या घरात तशी पद्धत नाही, म्हणून मी त्यांच्या चपला उचलून पायांशी ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी बँक सुटल्यावर बाबा फ्रीगंजमधून एसीच घेऊन आले. माझी मैत्रीण हे ऐकून उखडली. "हमारी फिल्म का मेसेज क्या है? और तेरे घर में एसी लग रहा है!" तिचं बरोबर होतं. पृथ्वी वाचवायला निघालेल्या आमच्या फिल्मचा पहिला परिणाम काय, तर उज्जैनमध्ये आणखी एक एसी. मी तिच्याशी वाद घातला नाही. एका बाजूला पृथ्वी, दुसऱ्या बाजूला आईच्या डोळ्यांखालचं काळं, यात काय निवडायचं ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही धड कळत नाही. पण त्या क्षणी मला आईच दिसत होती.

एसी बसवताना मात्र बाबांनी हट्ट धरला. मेकॅनिक बाहेरचा डबा मागच्या भिंतीवर, शेजाऱ्यांच्या खिडकीकडे तोंड करून लावत होता. "इधर नहीं," बाबा म्हणाले, "ऊपर, हमारी छत पे." त्याने समजावलं की पाइप वाढेल, कूलिंग थोडं कमी होईल, सगळे इथेच लावतात. "लगने दो सबको. हमारी गर्मी हमारी छत पे." मैत्रिणीने ते शूट केलं. आमच्या फिल्मचा शेवट तोच आहे. आमच्या गच्चीवर तो डबा सुरू होतो आणि त्याच्या गरम वाऱ्याने दोरीवरचे बाबांचे इस्त्री करायचे राहिलेले शर्ट फडफडायला लागतात.

वर्गात फिल्म दाखवली तेव्हा सरांनी आईच्या मुलाखतीपाशी थांबवली. "यहाँ लाइट गिर गई है. दोबारा क्यों नहीं लिया?" मैत्रीण उभी राहिली. "सर, वो लाइट नहीं है," ती म्हणाली, "अंकल हैं." सरांनी पुन्हा तो भाग बघितला आणि फिल्म पुढे सुरू केली.

आई झोपायला लागली. पहिले काही दिवस तर ती दुपारीसुद्धा झोपली, मागची सगळी बाकी वसूल केल्यासारखी. राजीनाम्याचं तिने परत काढलं नाही. सुट्टी संपली की कुठल्या पोराचा कुठला दात आलेला असेल यावर तिची भाकितं सुरू झाली. बाबांशी या विषयावर तिचं काय बोलणं झालं, झालं की नाही, मला माहीत नाही. बाबा रात्री एसी लावायचे आणि पहाटे आई कुडकुडली की तिच्या अंगावर पांघरूण टाकायचे, एवढं मात्र ती माझ्याकडे तक्रारीच्या सुरात सांगायची. "गारठवतात मला," म्हणायची, आणि चेहरा खुललेला.

मे उजाडला आणि ठरल्यासारखा मामाचा फोन आला. आम्ही सकाळचा चहा घेत होतो. फोन स्पीकरवर होता.

"काय दाजी, भाजून निघालात की नाही?"

बाबांनी कप खाली ठेवला. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, बघवेना. "नाही, म्हणजे," ते म्हणाले, "आता तसं नाही राहिलं हो. आधी होतं. आता रात्रीसुद्धा..."

आईने त्यांच्या हातातून फोन घेतला.

"काही ऐकू नकोस रे दादा त्यांचं," ती म्हणाली. "रात्री छान थंड असतं. पहाटे तर पांघरूण लागतं मला."

"मेमध्ये?"

"मेमध्ये."

"मजा आहे बुवा तुझी," मामा म्हणाला.

"आहेच," आई म्हणाली, आणि तिने फोन बाबांच्या हातात परत दिला.