कानातला पिवळा बिल्ला

मार्केट यार्डाबाहेर चहाच्या टपरीशी एका माणसाचा टेम्पो उभा होता. आत घरच्या गोठ्यासाठी घेतलेली म्हैस. दर दोन घोटांनी तो उठायचा आणि तिच्या कानातला सरकारी बिल्ला चाचपायचा.

"अहो, पडत नाही तो," चहावाला म्हणाला. "कान मात्र तुटेल."

तो हसला नाही. मोटारसायकल वाजली की तो रस्त्याकडे बघायचा.

"पोलिसांची एवढी भीती?" मी विचारलं.

"पोलीस बिल्ला बघतात, साहेब. वाटेत पोरं अडवतात, ती आधी नाव विचारतात. भावाला मारलं त्यांनी, त्यानंच सांगितलं. अजून उठून बसत नाही तो."

माझ्या बातमीला नाव लागतं. मी विचारलं नाही.

टेम्पो निघाला. मागोमाग दोन मोटारसायकली निघाल्या. त्या दुसऱ्या रस्त्याला वळेपर्यंत मी चहाचा घोट घेतला नाही.