बाबांचा घट्ट चहा

माझ्या नणंदेला घरात सगळे मॅडम म्हणतात. हे नाव ठेवलं माझ्या नवऱ्याने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, आणि ते तिला शोभतंही. मॅडम मटेरियल सायन्स शिकली. आधी तिचं संशोधन नॅनोकणांवर होतं, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या चांदीच्या कणांवर. मग जेल, मलम, फेस असल्या ना धड घट्ट, ना धड पातळ पदार्थांवर. "टूथपेस्ट नळीतून सहज येते, मग ब्रशवर पसरून का जात नाही?" असं ती जेवताना विचारायची आणि उत्तरही स्वतःच द्यायची. आमचा घास तोंडातच राहायचा.

सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला आणि ही सगळी विद्या एकदम घरात कामी आली. त्यांना नीट गिळता येईना. पातळ काही दिलं की ते श्वासनलिकेत उतरायची भीती. गिळण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनी बजावलं, पाणी, चहा, सगळं पावडर घालून घट्ट करून द्या आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासायला आणा.

मी पावडर ढवळली की गाठी व्हायच्या. मॅडमने भांडं माझ्या हातून घेतलं ते घेतलंच. चहाचा नमुना प्रयोगशाळेत नेऊन त्याचा घट्टपणा यंत्रावर मोजला. गरम असताना वेगळा, निवल्यावर वेगळा, लाळ मिसळली की आणखी वेगळा. शेवटी लाळेनेही पातळ न होणारं मिश्रण तिला साधलं, तेव्हा स्वारीचे पाय जमिनीवर नव्हते. सासरे त्याला खळ म्हणायचे. "उरली तर पाकिटं चिकटव," असं म्हणत कप रिकामा करायचे.

चहा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. "एक घोट साधा दे गं," असं ते सुरुवातीला विनवायचे.

"बाबा, न्यूमोनिया व्हायला हवाय का?" मॅडम डाफरायची.

मग त्यांनी मागणं सोडलं. तिला वाटलं, सवय झाली.

फेरतपासणी मात्र लांबत गेली. मी आठवण केली की ती म्हणायची, "आत्ता कुठे मिश्रण जमलंय, वहिनी. सगळं सुरळीत आहे ना?" एवढ्या शिकलेल्या बाईपुढे मी काय बोलणार! वर्ष उलटलं, तेव्हा उपचार करणाऱ्या बाईंचाच फोन आला.

एक्स-रेच्या पडद्यासमोर सासऱ्यांना साधा, पातळ घोट दिला. तो सरळ खाली उतरला. पुढचाही. बाईंनी सहज विचारलं, "घरी साधं पाणी पिता का हो, आजोबा?"

सासऱ्यांनी आधी लेकीकडे पाहिलं. मग पुटपुटले, "बाथरूमच्या नळाचं. बरेच दिवस झाले."

त्यांची कॉलर रोज भिजलेली असायची. मला वाटायचं, तोंड धुतात.

"नशीब समजा, काही झालं नाही," बाई म्हणाल्या. "पण घसा केव्हाच सुधारला असणार. आधी आणायचं होतंत."

"मला का नाही सांगितलंत, बाबा?" मॅडमने विचारलं.

"तू इतकं मन लावून करायचीस," ते म्हणाले. "नको कसं म्हणू?"

परतताना ती गाडीत माझ्याशेजारी बसून रडली. "मी त्या चहाकडेच बघत राहिले, वहिनी. बाबांकडे बघितलंच नाही." मी एरवी कुणालाही 'जाऊ दे' म्हणते. तिला नाही म्हणाले, कारण मलाही राग आला होता. हात तेवढा धरून ठेवला.

घरी येताच तिने स्वतः साधा चहा केला, त्यांना खिडकीपाशी नेऊन दिला आणि बाहेर आली. थोड्या वेळाने साखर पुरेशी आहे का विचारायला परत गेली. तिच्या चपलांचा आवाज ऐकताच सासऱ्यांनी अर्धा कप पडद्यामागे सरकवला आणि बाहीने ओठ पुसले.

"बाबा, आता चालतो तुम्हाला," ती म्हणाली.

"हो हो, माहितीये," ते ओशाळून हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अजूनही तेच.

म्हणून आता त्यांचा चहा संपेपर्यंत मॅडम त्या खोलीत जात नाही. चपला काढून दाराबाहेर उभी राहते, कप खाली ठेवल्याचा आवाज येईपर्यंत.