पिवळ्या रेघा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सायलीलाही नाही—आणि बायकोपासून मी चहातली जास्तीची चमचाभर साखर लपवू शकत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगतोय खरं.

जपानमध्ये, कोबेत आम्ही राहतो त्या गल्लीच्या टोकाला मोरिता-सानांचं गॅरेज आहे. जहाज कंपनीतून निवृत्त झालेले, एकटे गृहस्थ. त्यांनी एक मोडीत निघालेली इटालियन स्पोर्ट्‌स कार आणली—लाल, बसकी, छत उघडणारी—आणि वर्षानुवर्षं खपून ती नव्यासारखी केली. मी पुण्याचा, दिवसभर कोड लिहिणारा. हाताला जरा ग्रीस लागावं म्हणून रविवारी तिथे जायला लागलो. त्यांनी मला कामाला लावलं, मग हळूहळू विश्वासही टाकला. तिथेच चुकलं का? नाही—त्यांचं काही चुकलं नाही.

त्यांची एक पद्धत होती. इथल्या वर्कशॉपमध्ये बरेच जण पाळतात. नट पूर्ण आवळायचा, पान्याने टक् आवाज दिला की पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची, नटावरून खालच्या लोखंडापर्यंत. रेघ म्हणजे शब्द—हा नट मी आवळलाय. नंतर येणारा पाना लावत नाही, रेघ बघतो.

गाडी विकायला काढली. सरकारी तपासणी झाली, गिऱ्हाईकही ठरलं—नागानोचे इशिदा-सान. बायकोला घाटांतून फिरवायची त्यांची जुनी हौस. ते दोघं गाडी न्यायला आले त्या दिवशी पुढच्या चाकांजवळचं एक रबर बदलायचं राहिलं होतं, म्हणून स्टीअरिंगचे नट पुन्हा उघडले होते. ते बसवायचं काम माझ्याकडे. मोरिता-सान आत पाहुण्यांना चहा देत होते.

आणि मी—कसं सांगू?—मी रेघा आधी मारल्या. नट नुसते हाताने फिरवले आणि सगळ्यांवर एका दमात रंग ओढला. ब्रश हातात आहेच तर उरकून घेऊ, मग आवळू. कोऱ्या कागदावर आधी सही घेऊन ठेवतात ना, तसं. आवळायला सुरुवातही केली. मध्येच मुलीचा फोन आला, किल्ली विसरली होती, दाराबाहेर उभी होती. घरी जाऊन आलो. परत येऊन खाली वाकलो तर सगळ्या रेघा सारख्याच. कुठला आवळला, कुठला राहिला?

सगळ्यांवर पुन्हा पाना फिरवायला असा कितीसा वेळ लागला असता? पण मोरिता-सान पाहुण्यांना घेऊन माझ्या पाठीशी येऊन उभे होते. पाना उचलला असता तर त्यांनी विचारलं असतं, रेघा तर आहेत, मग आता काय आवळताय?

"अनिकेत-सान, झालं?"

"हो, झालं."

ते वाकले, रेघा पाहिल्या, खूश झाले. इशिदा-सानांना म्हणाले, "यांची खूण आहे, म्हणजे मी तपासायची गरज नाही." आम्ही चाकं चढवली. इशिदाबाईंनी डोक्याला रुमाल बांधला आणि वळणापर्यंत त्या हात हलवत राहिल्या. मी इथल्या रीतीप्रमाणे निरोपाला कमरेत वाकून उभा होतो. ओरडायला तेव्हाही वेळ होता.

भ्यालो. दोन माणसांच्या जिवापेक्षा मला माझी फजिती मोठी वाटली. दुसरं काही कारण नाही.

मग फोटो यायला लागले. दोन-तीन वर्षं येत राहिले. मोरिता-सान कौतुकाने फोन पुढे करायचे—घाट, दरी, लाल गाडी, हसणाऱ्या बाई. मी पुढच्या चाकाकडे बघायचो. चोराच्या मनात चांदणं. एखादा नट दर वळणाला थोडा थोडा फिरत असेल का? की सगळे घट्टच आहेत? मी साळसूदपणे म्हणायचो, सुंदर.

यंदा पानं लाल व्हायच्या सुमाराला फोटो थांबले.

मोरिता-सानांना आता फोनवर नीट ऐकू येत नाही. गेल्या रविवारी त्यांनी इशिदा-सानांचा नंबर माझ्यापुढे धरला. "तुम्ही विचारा ना, बरे आहेत ना दोघं?" मी अंगणात गेलो. फोन कानाला धरला. नंबर लावलाच नाही. काचेतून त्यांना दिसावं म्हणून मान हलवली, एक-दोनदा हसलोसुद्धा. मग आत येऊन सांगितलं—दोघं मजेत आहेत.

त्यांना फार बरं वाटलं. त्यांनी माझ्यासाठी चहा केला, आणि मी तो प्यायलो.