पुलावरची वाहनगणती

माझे सासरे काशिनाथराव यांनी आयुष्यात सायकलशिवाय दुसरं कुठलंही वाहन चालवलेलं नाही. आणि रस्त्यांबद्दल त्यांना जेवढं ठाऊक आहे तेवढं माहीत असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. सातारा भागात बांधकाम खात्यात चौतीस वर्षं रोड कारकून होते. कुठल्या मोरीचा कठडा कधी पडला, कुठल्या वळणावर खडी किती ब्रास लागली, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. माझ्या लग्नाची तारीख मात्र दर वर्षी विचारतात.

गेल्या वर्षी ते आमच्याकडे ऑकलंडला सहा महिन्यांसाठी आले. आम्ही हेन्डरसनला राहतो. परेश, म्हणजे माझा नवरा, शहरात आयटीत आहे आणि मी इथल्या कौन्सिलच्या, म्हणजे महापालिकेच्या, ऑफिसात. लेक सिद्धी शाळेत. दिवसभर घरात एकटे राहून बाबा कंटाळतील अशी मला काळजी होती. ती पहिल्याच आठवड्यात मिटली, कारण त्यांनी डायनिंग टेबलावर टेक्सासचा नकाशा पसरला.

न्यूझीलंडमध्ये बसून टेक्सासचा नकाशा कशाला, तर माझी नणंद गार्गी तिकडे वेको नावाच्या गावात असते म्हणून. लेकीच्या गावाचा रस्ता बघायला म्हणून त्यांनी तो लायब्ररीतून प्रिंट काढून आणला आणि त्यातच बुडाले. जेवताना आमच्या डोक्यावर रोज एक नवी माहिती आदळायची.

"परेश, ऐक. तिकडच्या हायवेला नंबर कसे दिलेत बघ. विषम नंबर म्हणजे दक्षिणोत्तर. सम नंबर म्हणजे पूर्व-पश्चिम. तीन आकडी नंबर आणि पहिला आकडा सम, म्हणजे शहराला वळसा घालणारा रस्ता. नकाशा नसला तरी माणूस हरवायचा नाही! हा नंबर ज्याने दिला ना, त्याला माझा नमस्कार."

"बाबा, आमटी गार होतेय," मी म्हणायची.

"आणि हा दहा नंबर. टेक्सासच्या या टोकाला शिरला तो त्या टोकाला बाहेर. चौदाशे किलोमीटर. मुंबईहून दिल्ली झाली, आणि राज्य अजून एकच! पंचेचाळीस नंबर तर राज्याबाहेर पाऊलच टाकत नाही."

"Ajoba, that's heaps of road," सिद्धी म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर तिच्या भाषेत येतं.

बाबा खूश झाले. घरात एक तरी श्रोता मिळाला होता.

मला हे सगळं म्हातारपणाचं खूळ वाटत होतं. राग माझ्या नाकावरच असतो, त्यात टेबल अडलेलं, त्यामुळे मी दोनदा नकाशा गुंडाळून कपाटावर टाकला. दोन्ही वेळा तो पुन्हा खाली आला. मग एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ऑफिसात मला फोन आला. पोलिसांचा, इथल्या माओरी नमस्काराने सुरू झालेला.

"किआ ओरा, ममता आहेत का? तुमचे फादर-इन-लॉ माझ्याबरोबर आहेत. ही इज फाइन. पण तुम्ही जरा येऊ शकाल का?"

मोटरवेवरून जो पूल जातो, आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर, तिथे मी पोचले तेव्हा बाबा फुटपाथवर सिद्धीच्या कॅम्पिंगच्या घडीच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर वही, कानटोपी, मफलर. शेजारी एक पोलीस बाई कठड्याला टेकून उभी. चार दिवस रोज दोन-दोन तास एक म्हातारा माणूस पुलाच्या कठड्याशी बसून खालच्या गाड्यांकडे टक लावून बघतो, म्हणून तिघा-चौघांनी पोलिसांना फोन केले होते. लोकांना वाटलं, हा उडी मारणार.

मला आधी रडू आलं आणि मग संताप.

"बाबा, हे काय चालवलंय तुम्ही? लोक काय म्हणतील सोडा, पण मला काय वाटलं असेल? जीव टांगणीला लागला माझा!"

"अगं, मी त्यांना सांगितलं. वाहनगणती करतोय म्हणून."

तिकडे बांधकाम खात्यात वर्षातून दोनदा रस्त्याच्या कडेला मांडव घालून येणारी-जाणारी वाहनं मोजतात, तीच गणती. बाबांनी ती चौतीस वर्षं केली. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. पण इथे कुणी सांगितली होती? मी वही हिसकावून घेतली. पानं रेघांनी भरली होती. वर सुवाच्य अक्षरात रकाने: रॅम्पवरून आलेली वाहनं. न थांबता मिसळलेली. थांबलेली. हॉर्न.

"बाबा, कशासाठी?"

त्यांनी पोलीस बाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग सांगितलं. गार्गीने त्यांना शपथ घातली होती की दादा-वहिनीला सांगायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी गार्गीचा अपघात झाला, ते आम्हाला माहीत होतं. कसा झाला ते नव्हतं. हायवेवर चढणाऱ्या रॅम्पच्या टोकाला ती घाबरून थांबली, गाड्यांमध्ये फट मिळेना म्हणून. मागून एक पिकअप आला आणि धडकला. खांद्याचं हाड मोडलं, ते जुळलं. पण त्या दिवसापासून ती हायवेवर चढलेली नाही. टेक्सासात हायवेला लागून दोन्ही बाजूंनी सर्व्हिस रोड असतो. ती त्याच रस्त्याने जायची, दर मैलाला सिग्नलवर थांबत. लांब जायचं तर नवरा, देवदत्त, न्यायचा. आता गार्गी ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, त्यांनी तिला डॅलसच्या मोठ्या लॅबची प्रमुख करायचं ठरवलं होतं. आठवड्यातून दोन दिवस डॅलसला जायचं. हायवेने दीड तास, सर्व्हिस रोडने आणि गावागावांतून तीनच्या वर. देवदत्तची नोकरी फिरतीची. पुढच्या सोमवारी तिला हो की नाही सांगायचं होतं, आणि ती नाही सांगणार होती. बारा वर्षं ज्या खुर्चीसाठी राबली ती, एका रॅम्पपायी सोडणार होती.

"मला गाडी येत नाही," बाबा म्हणाले. "मी तिला काय शिकवणार? म्हटलं, निदान मोजून तरी बघावं. रॅम्पवरून चढणाऱ्यांचं होतं काय."

पोलीस बाईला मी हे जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिने वही मागून घेतली आणि बोटाने रकाने बघत विचारलं, "आणि किती जणांना आत शिरताच आलं नाही?"

मी भाषांतर केलं. बाबांनी वही परत घेतली. एकेक रकाना तपासला.

"तो रकाना मी केलाच नाही," ते म्हणाले. चौतीस वर्षांत त्यांच्या तक्त्यात चूक काढणारं हे पहिलंच माणूस असावं. त्यांनी तिथल्या तिथे पट्टी काढली आणि पाचवा रकाना आखला, आधीच्या दिवसांच्या पानांवरही.

"मर्ज लाइक अ झिप," बाई जाताना म्हणाली. स्वेटरची चेन जशी एक दात इकडचा, एक दात तिकडचा अशी लागते, तसं. आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "उद्या त्यांना चमकदार जाकीट घालून पाठवा. म्हणजे लोक त्यांना कौन्सिलचा माणूस समजतील."

मी कौन्सिलचीच. घरी परेशचं सायकलिंगचं पिवळं जाकीट होतं, ते दिलं. त्यानंतर कुणाचा फोन आला नाही. उलट पाचव्या दिवशी एकाने बाबांना कॉफी आणून दिली.

मला कबूल करायला हवं की त्यानंतर मीही त्यात ओढली गेले. रोज मी त्याच रॅम्पवरून गाडी घालते, पण कशी घालते हे मला सांगता येत नव्हतं. बाबा विचारायचे, "आधी आरशात बघतेस की मागे मान वळवतेस? वेग रॅम्पवरच वाढवतेस की वर गेल्यावर? समोरच्याकडे बघतेस की बाजूच्याकडे?" मी वैतागायची आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम लक्ष ठेवून बघायची. संध्याकाळी उत्तर द्यायची. त्यांनी ते सगळं वहीत उतरवलं, शेजारी रॅम्पची आकृती काढली, आणि बाण दाखवून क्रमाने लिहिलं. मी ती तपासली. म्हटलं, "बाबा, स्वीट अ‍ॅज," म्हणजे इकडच्या भाषेत झकास. परेशनेही बघितली आणि मान डोलावली.

शनिवारी त्यांनी गार्गीला फोनवर गणतीचा निकाल वाचून दाखवला. सहा दिवस, बारा तास. रॅम्पवरून आलेली वाहनं चार हजार एकशे अठ्ठ्याऐंशी. थांबलेली सतरा. हॉर्न वाजले एकोणीस, आणि सगळे त्या सतरांच्या मागे. आत शिरता न आलेलं वाहन एकही नाही.

"एकही नाही, गार्गी. चार हजारांत. वाट देतात गं लोक. थांबलं की मात्र घोटाळा होतो."

मग गार्गी म्हणाली, "बाबा, तुम्ही थंडीत पुलावर बसलात?"

"कानटोपी होती."

ठरलं असं. आमचे रविवारी सकाळचे नऊ, म्हणजे तिचे शनिवारी दुपारचे चार. तिने पस्तीस नंबरच्या हायवेवर चढायचं आणि पुढच्याच एक्झिटला, त्रेचाळीसला, उतरायचं. खरा नंबर तीनशे त्रेचाळीस, पण बाप-लेकीने वरचे तीनशे सोडून दिले होते. चढ-उतार मिळून तीन-चार मिनिटं. एवढं जमलं तर सोमवारी हो. नाही जमलं तर नाही. देवदत्त शेजारी बसणार नव्हता. तो बसला की आपण त्याच्याच तोंडाकडे बघत राहतो, असं ती म्हणाली. फोन गाडीच्या स्पीकरवर राहील, आणि बाबा बोलतील.

रविवारी बाबा साडेसातलाच अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले. पुढ्यात नकाशा आणि वही. मी चहा ठेवला, तो त्यांनी घेतलाच नाही.

"निघाले," गार्गीचा आवाज आला. "सर्व्हिस रोडवर आहे. बाबा, रॅम्प दिसतोय."

"हं. आता वेग वाढव. थांबायचं नाही. चार हजारांत एकही नाही, लक्षात ठेव."

"वाढवतेय. बाबा, खूप ट्रक आहेत. बाबा, मला नाही जमायचं. मी थांबते."

"थांबू नकोस!" एवढ्या मोठ्याने ओरडलेले बाबा मी कधी ऐकले नव्हते. त्यांचं बोट वहीतल्या आकृतीवर होतं. "आता उजवा आरसा! उजव्या खांद्यावरून मागे बघ, उजवीकडून येणारी फट धर आणि..."

"उजवीकडून?" गार्गी किंचाळली. "बाबा, इथे उजवीकडे गवत आहे! गाड्या डावीकडून येतात इथे! अमेरिका आहे ही! डावीकडे बघायचं असतं, डावीकडे, हे असं, आणि मग... बाबा?"

"हं?"

"बाबा, मी चढले."

आकृती माझ्या समोर होती, आणि आता ती मला दिसली. रॅम्प डावीकडून येऊन मिळणारा. साताऱ्याचा. ऑकलंडचा. मी तपासली होती, परेशने तपासली होती. आम्ही सगळे डाव्या बाजूने चालणारी माणसं. टेक्सासातला एकूण एक नंबर ज्यांना पाठ, त्या बाबांनी रस्त्याची बाजूच उलटी धरली होती, आणि त्या एका क्षणी लेकीला चुकीकडे बघायला सांगितलं होतं. तिने ऐकलं असतं तर?

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी वही मिटली. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, लग्नानंतर पहिल्यांदाच.

गार्गीला इकडचं काही दिसत नव्हतं. ती बोलतच होती. "ट्रकवाल्याने वाट दिली, बाबा. खरंच दिली. पासष्टच्या स्पीडला आहे मी. माझ्या पुढे होडी ओढत नेणारी एक गाडी आहे, मागे एक छोटी निळी. बाबा, ऐकताय ना? त्रेचाळीसची पाटी दिसली. एक मैल."

बाबांनी मिटलेली वही बाजूला सरकवली.

"अर्धा मैल. बाबा, उतरू?"

मी बाबांकडे बघितलं. सांगा ना, मी खुणेने म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मला विचारू नकोस, गार्गी," ते शेवटी म्हणाले. "मी आत्ताच तुला उलटं सांगितलं. रस्ता तुला दिसतोय. तूच ठरव."

स्पीकरवर फक्त टायरचा आवाज येत राहिला. मी सासऱ्यांचा हात घट्ट धरला होता आणि त्यांनी माझा.

"गेली," गार्गी म्हणाली. "त्रेचाळीस मागे गेली, बाबा. मी पुढे चालले आहे." ती हसत होती आणि रडतही होती. "सोमवारी हो सांगते. बाबा, एक बोलू? रागावू नका. आता फोन ठेवू का? मला एकटीला जाऊन बघायचंय."

बाबांनी डोळे पुसले.

"ठेव," ते म्हणाले, आणि तिने ठेवायच्या आधी त्यांनीच फोन बंद केला.