मानेखालचा सिनेमा

शेवटचा सिनेमा आम्ही दोघांनी एका बुधवारी बाराच्या खेळाला पाहिला. कॉलेजच्या पोरापोरींचा होता. नव्वद सालानंतर दुसरं काही लागतच नव्हतं. दर शुक्रवारी पडद्यावर एक नवं कॉलेज उघडायचं आणि त्यात अभ्यास सोडून सगळं चालायचं. मध्यंतरात मी दोन समोसे आणले. तिने आतला बटाटा खाल्ला, पारी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "हा पोरगा बापाला सोडून जाणार."

"कशावरून?"

"पहिल्यापासून गळ्याचं बटण लावत होता. मागच्या गाण्यापासून लावत नाही."

पाऊण तासाने पोरगा सुटकेस घेऊन बापाच्या घरातून निघाला. त्याचं नाक कसं, डोळे कसे, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. माझी बायको सिनेमा मानेच्या खालचाच बघायची. "तोंड काय, कुणीही कसंही करतं," म्हणायची. "कापड खोटं बोलत नाही. बोललंच तर शिवणीत दिसतं."

रिक्षाने मैदागिनपर्यंत आलो, पुढे गल्ल्यांतून चालत मंगला गौरीला, घरी. जिना चढून तिने चहा केला, अर्धा प्याली, म्हणाली जरा पडते. दिवेलागणीला उठवायला गेलो तर उठली नाही. मला हे सजवून सांगता येत नाही. डॉक्टर आला, नाडी बघितली आणि चपला घातल्या. बनारसेत मेलेल्याला मोक्ष मिळतो म्हणतात. मिळत असेल. इथली गर्दी बघता त्यालाही रांग असणार.

शेजारच्या गल्लीतून माझी थोरली बहीण आली, अक्का. धाकटा भाऊ अलाहाबादहून सकाळी पोचणार होता, तोवर थांबायचं ठरलं. अक्का मनापासून रडली, डोळे पुसले आणि कामाला लागली. तिचं रडणंही वेळेत असतं.

"सवाष्ण गेली. नशीब काढलं पोरीनं," म्हणाली.

"तिनं नशीब काढलं, मग मी काय काढलं?"

"तोंड आवर, बंडू. सकाळी हिरवा शालू नेसवू, कोरा. चौकातला दुकानदार ओळखीचा आहे, आत्ताच निरोप धाडते."

शालू म्हटल्यावर मला वाटलं, जिने जन्मभर माणसं कपड्यांवरून ओळखली, तिला मी भलत्या कपड्यांत धाडलं तर ती कोण म्हणून जाणार? तिच्यासाठी करायचं एवढं एकच काम उरलं होतं, आणि नेमकं तेच मला येत नव्हतं. अक्काला म्हटलं, सकाळी सांगतो. ती म्हणाली, "तुला काय कळतं त्यातलं?" आणि ते खरंच होतं.

दशाश्वमेधाच्या वाटेवरच्या एका टॉकीजमध्ये मी एकतीस वर्षं दारावर उभा राहून तिकिटं फाडली. सातवी नापास माणसाला याहून बरी नोकरी नाही. बायकोला फुकट आत सोडायची मुभा होती, ती तिने पुरेपूर वसूल केली. एकेक सिनेमा चार-चारदा. एरवी ती घरी शिवणाच्या मशीनवर असायची. बनारसेत शिंप्याला मास्टर म्हणतात, म्हणून गल्ली तिला मास्टराइन म्हणायची. पुण्याकडच्या आमच्या नातेवाइकांना वाटायचं, शाळेत शिकवते. तिने कधी खुलासा केला नाही. "मान फुकट मिळतोय तर घ्यावा, सैल झाला तर टाके घालता येतात."

अशी शिवणारी बाई तुमच्याही गल्लीत असेल. दातांत दोरा, पदराला टाचण्या, आणि समोरच्याशी बोलताना नजर त्याच्या खांद्यावर, बाहीच्या मुंढ्यावर. पण आमच्या मास्टराइनचे सिनेमाबद्दल ठोकताळे होते. बाप रेशमी गाऊन घालून जिना उतरला की लग्नाला नकार. बाप बंडीत असला तर होकार, पण तो मरतो. ज्या पोराने स्वेटर अंगात न घालता गळ्यात बांधलाय, त्याला कधी थंडी वाजलेली नाही, तो आयत्या वेळी पळणार. ज्याच्या पँटीला इस्त्रीची धार आहे त्याला पोरगी मिळत नाही, तो अक्षता टाकायला येतो. आणि नायिकेच्या मैत्रिणीला चष्मा. "त्या बिचारीला नवीन कापड कधी देत नाहीत हो. बघा, हिचा कुडता मागच्या गाण्यातल्या पडद्याचा आहे."

हे कपडे कुणीतरी ठरवतं, हेच मुळी मला तिच्यामुळे कळलं. मला वाटायचं नटनट्या घरून घालून येतात. यावर ती हसली नाही. म्हणाली, "त्या माणसाला पोरीचं पुढचं सगळं आधीच ठाऊक असतं. म्हणून तो पहिल्या रिळात ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना लावतो. पुढे एक काढायला जागा राहते."

ही नजर तिने माझ्यावर फार पूर्वी वापरून घेतली होती. मुलगी बघायला मी अक्काच्या नवऱ्याचा कोट घालून गेलो होतो. बाह्या तीन बोटं लांब, मी हात पोह्यांच्या बशीखाली लपवत होतो. तिचा बाप माझ्या पगाराची चौकशी करत होता, ती कोपऱ्यातून बाह्यांची. मग होकार आला. लग्नानंतर विचारलं, काय बघून हो म्हणालीस? "दुसऱ्याचा कोट घालून येणारा माणूस गरीब असतो, लबाड नसतो. लबाड मापाचा शिवून घेतो." मी म्हटलं, आणि तोंड? म्हणाली, "ते नंतर पाहिलं. तोवर उशीर झाला होता."

एकदा सिनेमा चालू असताना ती मधेच बाहेर आली. मी दाराशी बिडी ओढत होतो.

"अहो, तुमच्या ऑपरेटरला जागं करा. पोरीच्या बाह्या परत आल्या."

"म्हणजे?"

"आत्ता बिनबाह्यांचं घालून भांडत होती. आता कोपरापर्यंत बाह्या आणि ओढणीला दोन पिना. बिनबाह्यांची पोर पुन्हा एवढी झाकून घेत नाही, घरात कुणी मेल्याशिवाय. आणि अजून कुणी मेलेलं नाही."

वर जाऊन रामआसरे ऑपरेटरला सांगितलं. तो खाली येऊन हात जोडून म्हणाला, "भाभीजी, पब्लिक सीटी मार रही है. पब्लिक को दिक्कत नहीं, आपको का दिक्कत है?" तिने त्याला डबे बघून यायला लावलं. चौथं रीळ तिसऱ्याच्या आधी लागलं होतं. म्हणजे पोरगा-पोरगी आधी भांडून वेगळी झाली आणि मग त्यांची ओळख झाली. हॉल भरलेला होता, एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. रामआसरे डोकं खाजवत म्हणाला, "हमरे घर में तो अइसे ही हुआ था." त्यानंतर नवीन सिनेमा लागला की तो पहिल्या खेळाला तिला आत बसवायचा आणि मगच निश्चिंतपणे पेंगायचा.

चुकलीही. एकदाच, पण जोरात. खालच्या मजल्यावरच्या भटजींची पमी तेव्हा सतराची, नुकती कॉलेजात जायला लागलेली. कापडाचे पैसे घेऊन आली. "काकू, मला सेम ड्रेस हवाय. वो दूसरे गाने वाला. लाल."

"तो तुझा नाही."

"पैसे मी देणार आहे ना?"

"पैसे तुझे, कात्री माझी. तू अजून पहिल्या रिळात आहेस, पोरी." आणि दिला शिवून साईच्या रंगाचा, बंद गळ्याचा, कोपरापर्यंत बाह्यांचा. पमीने तो मुकाट्याने घातला. मास्टराइन मला म्हणाली, बघितलंत, कसा शोभला.

चार महिन्यांनी पमीला बघायला पाहुणे आले, तेव्हा ती त्याच पोशाखात होती. पमीने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि सहा पुरुषांसमोर सांगितलं, मला लग्न नाही करायचं, मुझे नर्सिंग करनी है, फॉर्म भरून आलेय. भटजींच्या हातातली सुपारी खाली पडली. आम्हीही तिथेच होतो. मास्टराइन वर आली, मशीनवर बसली आणि बराच वेळ पाय हलवलाच नाही.

"माझं माप चुकलं," म्हणाली. मी म्हटलं, कापड तर नीट बसलं होतं. "तेच तर. सिनेमातली पोर कपडे बदलते आणि मग बदलते. खरी पोर आधीच बदललेली असते, कपडे बिचारे मागून धावत येतात. मी कपड्यांबरोबर धावत बसले." दुसऱ्या दिवशी गोदौलियाच्या बाजारात जाऊन तिने स्वतः लाल कापड आणलं, हुबेहूब दुसऱ्या गाण्यातला पोशाख शिवला आणि पमीला नेऊन दिला. पमी म्हणाली, "काकू, नर्सला पांढरा असतो." तोही हिनेच शिवला. भटजी सहा महिने आमच्याशी बोलले नाहीत. ते सहा महिने जिन्यात फार शांतता होती, आम्हाला बरं वाटलं.

एकाच गोष्टीवर ती मनापासून चिडायची. कुठल्याही कॉलेजच्या सिनेमाचं शेवटचं रीळ तिने पाहिलं नाही. ते लागलं की उठायची. "अडीच तास पोर धावते, भांडते, सायकल हाणते. आणि शेवटी भरजरी साडी नेसवून, कपाळावर एवढी टिकली लावून तिला सासऱ्याच्या पायावर वाकवतात. ही कोण बाई आणली? हिचं माप कुणी घेतलं?" मी म्हणायचो, अगं, लग्न होतं तिचं, सुखी होते. "सुखी होऊ दे की. पण तिला तिथंपर्यंत येऊ द्या. मधेच उचलून दुसरी उभी करतात." त्या बुधवारीही आम्ही शेवटचं रीळ सोडून बाहेर आलो होतो, म्हणून रिक्षा लगेच मिळाली.

तर सकाळ झाली. भाऊ आला. अक्का शालू घेऊन आली, हिरवागार, जरीने जड. माझ्या बायकोने हयातीत असला शालू दुसऱ्यांच्या ब्लाउजाचा रंग जुळवण्यापुरताच हातात धरला होता. पमी ड्यूटीवरून तशीच आली होती. आंघोळ घालायचं ती आणि अक्का करणार होत्या. पमीने शालूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काका, रोजचं काही दाखवता का?"

ट्रंक उघडली. वर साध्या सुती साड्या, त्याखाली घडी घातलेली तीन पोलकी. पमीने एक उलगडून उजेडात उलटंसुलटं करून पाहिलं. पुढचा भाग एका रंगाचा, पाठ तीन कापडांची, एक बाही बुट्ट्यांची, दुसरी चौकड्याची. गळ्याची पट्टी भलतीच. गिऱ्हाइकांच्या कपड्यांतून उरलेलं कातरण. दुसरं पोलकंही तसंच, तिसरंही. जोड मात्र असे की बोट फिरवलं तर लागू नयेत. चाळीस वर्षं ही बाई माझ्यासमोर वावरली, वरून नीट पदर घेऊन, आणि तिने स्वतःसाठी कधी अख्खं कापड फाडलं नाही हे मला ठाऊक नव्हतं. ती मला विचारायची, सिनेमात काय पाहिलंत? मी म्हणायचो, गाणी चांगली होती.

"हे पाठीवरचं निळं अत्तरवाल्याच्या सुनेचं," पमी म्हणाली. "आणि ही बाही माझ्या आईच्या परकराची. आई जाऊन नऊ वर्षं झाली, काका."

"हेच घाल तिला," मी म्हटलं. "आणि ती करड्या काठांची साडी."

अक्का दारातूनच म्हणाली, "चिंध्यांचं पोलकं? बंडू, घाटावर चार लोक बघतील. सवाष्ण बाई आहे ती."

"बघू देत. कोण गेलं ते तरी कळेल."

"आणि शालूचं काय करू?"

"घडी मोडली नसेल तर परत कर. मोडली असेल तर तू नेस."

अक्का मला मारायलाच आली असती, पण तिने पोलकं हातात घेतलं, पाठीवरून अंगठा फिरवला, आणि शालू पिशवीत घातला. तिलाही जोड लागले नसणार. मग म्हणाली, "खालचा हूक तुटलाय याचा."

"मी लावते," पमी म्हणाली.

"दे इकडे," मी म्हटलं.

खिडकीखालच्या पायरीवर बसलो. पमीने डबीतून हूक काढून दिला. सुईत दोरा ओवायला मला पाच खेपा लागल्या. एकतीस वर्षं हातांनी नुसतं फाडलं होतं. भाऊ दोनदा वर येऊन गेला, खाली माणसं जमली म्हणाला. अक्का म्हणाली, उशीर होतोय. मी म्हटलं, होऊ दे. पहिल्यांदा हूक उलटा लागला. उसवला. दुसऱ्यांदा सरळ लागला, पण सैल. त्यावर आणखी चार टाके घातले, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. मग पोलकं पमीच्या हातात दिलं आणि जिना उतरून खाली माणसांत जाऊन उभा राहिलो.